दोघं असताना मस्त, तिसरा आला की सगळं गप्प: स्वतःच्या सर्व्हरवरची व्हिडिओ मीटिंग का अडकते?

सोमवार, सकाळचे दहा. मीटिंगमध्ये दोघं जण आलेत, गप्पा छान चालल्यात. तेवढ्यात तिसरा जॉईन होतो आणि सगळ्यांची स्क्रीन काळी, आवाज गायब. तो बाहेर पडला की पुन्हा सगळं सुरळीत. बिचारा आपलाच राउटर बंद-चालू करत बसतो. खरं तर त्याच्या नेटचा काही दोष नसतो.

ज्या ऑफिसांनी आपल्या सर्व्हरवर 'जित्सी मीट' बसवलंय, त्यांच्या ओळखीचं हे दुखणं आहे. जित्सी हे फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली, तेव्हा पर्याय शोधणाऱ्यांपैकी अनेकजण इकडे वळले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये जित्सीच्या सार्वजनिक साइटवर मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन सक्तीचं झालं. ज्यांना तेही नको होतं, त्यांच्यासाठी स्वतःचा सर्व्हर हाच रस्ता उरला.

आता मीटिंग अडखळली की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'मोठा सर्व्हर घ्या.' बहुतेक वेळा हे पैसे वाया जातात.

कारण तिसऱ्या माणसाच्या भानगडीत दडलंय. दोघंच असतात तेव्हा जित्सी व्हिडिओ थेट एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतं, सर्व्हर मधे येतच नाही. तिसरा आला की सगळी वाहतूक 'व्हिडिओब्रिज' नावाच्या भागातून सुरू होते. तिथपर्यंत जायचा रस्ता म्हणजे यूडीपीचं १०००० नंबरचं पोर्ट. फायरवॉलमध्ये ते बंद असेल, किंवा सर्व्हरला स्वतःचा बाहेरचा आयपी पत्ता नीट सांगितलेला नसेल, तर माणसं दिसतात पण आवाज येत नाही. हे दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

काही ऑफिसांचे, कॉलेजांचे वायफाय यूडीपी अडवतात. मग कॉल टीसीपीवरून न्यावा लागतो आणि तिथे रखडतो. कीर्तनात एखादा शब्द ऐकू आला नाही म्हणून बुवा थांबत नाहीत, पुढे जातात. यूडीपी तसं आहे. टीसीपी मात्र हरवलेला शब्द परत मिळेपर्यंत सगळ्या मंडपाला थांबवून ठेवतं. मीटिंगमधल्या माणसाच्या चौकोनावरच्या सिग्नलच्या चिन्हात डोकावलं तर त्याचा कॉल कशावरून चाललाय ते कळतं. अशांसाठी टर्न सर्व्हर लावला की कॉल निदान जोडला तरी जातो, पण त्यांनी मोबाइलच्या डेटावर येऊन बघणं जास्त फायद्याचं.

रस्ता मोकळा झाला की मग ओझ्याचा हिशोब. व्हिडिओब्रिज चित्र नव्याने तयार करत नाही. टपाल कार्यालयासारखी आलेली पाकिटं ज्याची त्याला पाठवतो. त्यामुळे प्रोसेसरच्या आधी बाहेर जाणारी बँडविड्थ संपते. २० जण, सगळ्यांचे कॅमेरे चालू. प्रत्येकाला बाकी १९ चेहरे पाठवायचे, म्हणजे ३८० व्हिडिओ. सोयीसाठी प्रत्येकी अर्धा एमबीपीएस धरला तर १९० एमबीपीएस, तासाभराच्या मीटिंगला सुमारे ८५ जीबी! स्वस्तातल्या सर्व्हरला महिन्याची डेटा मर्यादा असेल तर ती अशीच उडते.

इथे 'लास्ट एन' ही सेटिंग कामाला येते. ती ५ वर ठेवली की प्रत्येकाला एका वेळी पाचच व्हिडिओ जातात, त्यात बोलणाऱ्यांना प्राधान्य. ३८० चे १०० झाले. आवाज मात्र सगळ्यांचा येतो. शिवाय रिझोल्यूशन मुळात ७२० असतं, ते ३६० केलं तर काडेपेटीएवढ्या चौकोनात कुणाला फरकही कळत नाही आणि घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप तापायचा थांबतो. 'सिमुलकास्ट' मात्र चालूच ठेवावं. त्यात प्रत्येकाचा व्हिडिओ वेगवेगळ्या दर्जात सर्व्हरकडे जातो आणि गावाकडच्या फोर-जीवाल्याला त्यातला हलका व्हिडिओ मिळतो.

सर्व्हर आहे कुठे, हेही बघायला हवं. स्वस्त पडतो म्हणून जर्मनीतला घेतला, तर पुण्याचा आवाज फ्रँकफर्टला जाऊन नागपूरला येतो. बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो. युरोपच्या फेरीत त्यातला बराचसा वाटेतच खर्च होतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात आणि 'तुम्ही बोला, नाही नाही, तुम्ही बोला' सुरू होतं. टीम भारतात असेल तर सर्व्हर मुंबईत घेतलेला बरा, भले महिन्याला थोडे जास्त गेले तरी.

रॅमचं म्हणाल तर जित्सीच्या मार्गदर्शिकेत साध्या वापराला ८ जीबी सांगितलंय, छोट्या टीमला ४ जीबी चालते. पण त्याच मशीनवर रेकॉर्डिंग लावलं की गणित बिघडतं. रेकॉर्डिंग करणारा 'जिब्री' आतमध्ये चक्क एक क्रोम ब्राउझर उघडून मीटिंगला बसतो आणि एका वेळी एकच मीटिंग टिपतो. त्याला वेगळं मशीन द्यावं.

एवढं करूनही प्रोसेसर भरलेलाच दिसत असेल, तर मोठ्या सर्व्हरऐवजी दुसरा व्हिडिओब्रिज जोडता येतो. 'जिकोफो' नावाचा भाग मीटिंगा दोन्हींत वाटून देतो, आणि एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं.