शुभवर्तमान : उपदेश की बातमी?

जुन्या मराठी पत्रांत 'वर्तमान' हा शब्द जागोजागी भेटतो. स्वारीची हकीकत कळवायची असो की घरातल्या जन्ममृत्यूची, ते 'वर्तमान'च. आज आपण सकाळच्या चहाबरोबर हातात घेतो तेही वर्तमानपत्रच. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावे असलेल्या चार ग्रंथांना मराठी ख्रिस्ती मंडळी 'शुभवर्तमान' म्हणतात, त्यात हाच जुना अर्थ आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'चांगली बातमी' असाच. रोमी साम्राज्यात तो दरबारी थाटाचा शब्द होता. इ. स. पूर्व ९ मधल्या प्रिएने येथील शिलालेखात ऑगस्टस बादशहाच्या जन्माच्या संबंधात तो आला आहे. पुढे त्याच रोमी सत्तेने क्रुसावर चढविलेल्या एका सुतारासाठी त्याच्या अनुयायांनी हा शब्द उचलला. केवढे हे धाडस!

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवू लागलो की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ''सर, खरे बोला, दीनांवर दया करा, वैऱ्यालाही क्षमा करा, हे तर आपल्या संतांनीही सांगितले आहे. मग रेव्हरंड टिळकांना निराळे असे काय सापडले?'' प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर 'वर्तमान' या शब्दातच आहे.

उपदेश म्हणजे आपण काय करावे ते. वर्तमान म्हणजे काय घडले ते. सावकाराच्या वहीत अडकलेल्या आपल्या खानदेशातल्या कापूस पिकविणाऱ्याला ''काटकसर कर बाबा'' असे सांगणे हा उपदेश झाला. ''तुझे कर्ज कोणीतरी फेडले'' असा निरोप येणे ही बातमी. ख्रिस्ती श्रद्धा दुसऱ्या प्रकारची आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो सारे थोडक्यात सांगतो : ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला, त्याला पुरले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. मार्काच्या ग्रंथात स्वतः येशू 'देवाचे राज्य जवळ आले आहे' अशी वार्ता देतो, तर लूकाच्या ग्रंथात ती विशेषेकरून गरिबांसाठी आहे. एकेका जिवाची पापमुक्ती की गांजलेल्यांचे नवे राज्य, यांत भर कशावर द्यावा, यावर ख्रिस्ती लोकांतही वाद आहेत. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला आदिवासी मुलखात १९४२ साली मिशनचे रुग्णालय उभे राहिले, तिथे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात.

पण शुभ वर्तमान सर्वांनाच शुभ वाटते असे नाही. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर काढली. पुढे, जात माणसाने केली, देवाने नव्हे, असा त्यांच्याच मनाने कौल दिला. त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या धाकाने नव्हे, हे विसरता कामा नये.

या घराचा खानदेशाशीही धागा आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे हा कोवळा पोर तिथे कविता म्हणून 'बालकवी' ठरला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. त्यासाठी त्याला धर्म बदलावा लागला नाही. ज्या बातमीने एक घर फोडले होते, त्याच घराचे दार आता परक्या मुलाला उघडे होते!

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. याच विनोबांनी पुढे 'ख्रिस्तधर्म-सार' संकलित केले. सर्व धर्मांतले सार घ्यावे, ही आपल्या मनाची उदार ओढ मलाही प्रिय आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उपदेशाचे सार काढता येते. बातमीचे काढून भागत नाही. ती खरी की खोटी, एवढेच ठरवावे लागते. आपण 'सगळे धर्म सारखेच' म्हणून मोकळे होतो, तेव्हा ख्रिस्ती शेजारी नुसता हसतो, ते याचमुळे. त्याचा उपदेश आपण कौतुकाने स्वीकारतो. पण त्याची बातमी मात्र ऐकूनच घेत नाही.

ती मानावी की न मानावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कोणी वर्तमान घेऊन दारी आला, तर तो काय सांगतो आहे ते आधी नीट समजून घ्यावे, ही तर आपली जुनी रीत आहे.