टाकणखाराची पुडी आणि हिशेबातला कोरा रकाना

काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन टाकणखार मागितला, तर दुकानदार बहुधा एकही प्रश्न विचारीत नाही. बरणीतून पांढरे खडे काढतो, तोलतो, कागदाची पुडी बांधतो आणि पैसे घेतो. घेणारा सोनार असून त्याला दागिना झाळावयाचा आहे, की घेणारी एखादी आजी असून तिला तोंड आलेल्या तान्ह्या नातवाच्या जिभेवर त्याची लाही मधातून लावावयाची आहे, हे दुकानदाराला ठाऊक नसते. पुडीवर तर काहीच लिहिलेले नसते. एकाच वस्तूचे दोन उपयोग असणे यात नवल नाही. परंतु त्यांपैकी एक उपयोग निरुपद्रवी आणि दुसरा घातक असावा, आणि तरीही दोन्ही पुड्या सारख्याच मुकाट्याने विकल्या जाव्यात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

टाकणखार म्हणजे इंग्रजीतील बोरॅक्स. जुन्या लोकांच्या बोलण्यात त्याला सवागी असेही नाव आहे. तव्यावर टाकला की तो फुलतो आणि त्याची पांढरी, हलकी लाही होते. तोंड आले, खोकला झाला, दात येताना मूल किरकिर करू लागले, की ही लाही मधात कालवून चाटवावी, असा उपाय महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बोरॅक्सचेच भावंड म्हणजे बोरिक पावडर. ती कॅरमच्या फळीवर टाकतात, आणि कणकेत मळून तिच्या गोळ्या झुरळे मारण्यासाठी ओट्याखाली ठेवतात. ज्या घरात या गोळ्यांना मुलाचा हात लागू नये म्हणून गृहिणी डोळ्यांत तेल घालून जपते, त्याच घरात त्याच कुळातला पदार्थ मुलाच्या जिभेवर ठेवला जातो. यात विसंगती आहे. पण तिला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होता येणार नाही.

कारण हा समज एकट्या आपल्या आजीबाईंचा नाही. संस्कृतात ज्याला ‘टंकण’ म्हणतात, तो हा क्षार शतकानुशतके तिबेट आणि लडाखमधील सरोवरांच्या व उष्ण झऱ्यांच्या काठांवरून गोळा केला जात असे. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या लादून भोटिया व्यापारी मीठ व लोकर यांच्याबरोबर तो हिमालयाच्या खिंडींतून खाली आणीत. तेथून तो युरोपपर्यंत पोहोचे. १७०२ मध्ये विल्हेल्म होम्बर्ग याने पॅरिस येथे त्यापासून बोरिक ॲसिड तयार केले, आणि ते ‘शामक लवण’ म्हणून वैद्यकात रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टरसारख्या शल्यविशारदाने जखमांच्या पट्ट्यांसाठी बोरिक ॲसिड वापरले. दूध, लोणी आणि मांस टिकविण्यासाठीही ते सर्रास घातले जाऊ लागले. म्हणजे, ज्या काळात आपल्याकडे टाकणखाराची लाही चाटवली जात होती, त्या काळात पाश्चात्त्य विद्याही त्याला निर्धोकच समजत होती.

फरक पडला तो पुढे. अमेरिकेच्या कृषिखात्यातील मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ मध्ये वॉशिंग्टन येथे तरुण स्वयंसेवकांना जेवणातून निरनिराळे परिरक्षक देऊन त्यांचे परिणाम नोंदविण्यास आरंभ केला. त्यांनी निवडलेला पहिला पदार्थ बोरॅक्स हा होता. धडधाकट तरुणांची भूक मंदावली, डोकी दुखू लागली, पोटे बिघडली. १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न व औषधे यांविषयीचा जो कायदा झाला, त्याच्या मागे या प्रयोगांनी जागृत झालेले लोकमतही होते. ब्रिटनने १९२५ च्या नियमांनी अन्नातील बोरिक परिरक्षकांना मनाई केली. आपल्याकडील अन्नविषयक नियमांतही बोरॅक्सला परिरक्षक म्हणून स्थान नाही. अन्नात जे चालत नाही, ते औषध म्हणून, आणि तेही तान्ह्या मुलाला, कसे चालावे, हा प्रश्न मात्र घरात पोहोचला नाही.

तो पाश्चात्त्य घरांतही फार उशिरा पोहोचला. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात द्यावयाचे रबरी बोंडूक बोरॅक्स आणि मध यांच्या तयार मिश्रणात बुडवून देण्याची चाल तेथेही होती. १९८३ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’ या नियतकालिकात अशा सात अर्भकांची हकिकत प्रसिद्ध झाली. सातही मुलांना आकडी येत होती. ते मिश्रण बंद करताच आकड्या थांबल्या. मिश्रण देणाऱ्या माता निष्काळजी नव्हत्या. दुकानात उघडपणे मिळणारी वस्तू त्या विश्वासाने देत होत्या.

असे का होते, हे समजणे कठीण नाही. अखंड त्वचेतून बोरॉन फारसे आत जात नाही, परंतु तोंडातून, पोटातून आणि सोललेल्या त्वचेतून ते सहज शोषले जाते. ते शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे, आणि तान्ह्या मुलाची मूत्रपिंडे अद्याप पूर्ण कार्यक्षम झालेली नसतात. दिवसातून तीन वेळा ‘जरासे’ चाटवले, की आधीचे पुरते बाहेर पडण्यापूर्वी पुढचे आत येते आणि साठा वाढत जातो. उलट्या, जुलाब, अंगावर लाली येऊन कातडी सुटणे, सुस्ती आणि शेवटी आकडी, अशी त्याची लक्षणे आहेत. त्यांतली पहिली काही तर तान्ह्या मुलांत इतकी नेहमीची, की त्यांचा संबंध पुडीशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

लाही केल्याने टाकणखार ‘शुद्ध’ होतो, हा समजही येथे पारखून घेतला पाहिजे. तव्यावर जे उडून जाते ते पाणी. स्फटिकरूपी बोरॅक्सच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणीच असते. बोरॉन जागच्या जागी राहते. म्हणजे वजनाने पाहिले तर चांगली फुललेली लाही मूळ खड्यापेक्षा सौम्य तर नसतेच, उलट अधिक तीव्र असते. शिक्षित वैद्य शोधन केलेले टंकण मोजून देतात. घरातील माप मात्र चिमटीचे, आणि चिमूट कोणाची, लाही किती फुललेली, दिवसांतून कितीदा, यांपैकी कशालाच मोजमाप नसते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये बोरॉनच्या दैनंदिन सेवनाची कमाल मर्यादा प्रौढांसाठी २० मिलिग्रॅम आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ३ मिलिग्रॅम सांगितली. एका वर्षाच्या आतील मुलांसाठी अशी कोणतीही मर्यादा ठरविता आली नाही. त्यांना ते दूध-अन्नाखेरीज अन्य मार्गाने मिळूच नये, असा त्याचा अर्थ. ३ मिलिग्रॅम बोरॉन म्हणजे २७ मिलिग्रॅमच्या आसपास बोरॅक्स. हे वजन घरातल्या कोणत्या तराजूवर दिसणार? शिवाय एका वर्षाच्या आत मध देणेही धोक्याचे आहे, कारण त्यातील बीजाणूंपासून अर्भकांना बोट्युलिझम हा आजार होऊ शकतो. ज्याला आपण अनुपान समजतो, तेही निर्दोष नाही.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण नात्यातील एका घरी घडलेली घटना होय. तीन महिन्यांच्या मुलाला एकाएकी आकडी आली. रुग्णालयात डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर, बाळाला घरचे काही चाटवता काय, असे विचारले. सून गप्प राहिली. आजीने घरी परत जाऊन फडताळातून पुडी आणून दाखवली. मूल बरे झाले. आकडीचे कारण ती पुडीच होती, असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही, आणि ते सांगणे शक्यही नसावे. परंतु त्या दिवसापासून आजीने नातवाला मांडीवर घेण्याचे टाळले. आपली पाच मुले याच लाहीवर वाढली, एवढेच ती पुनःपुन्हा सांगत राहिली.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. घरगुती उपायाच्या बळकटीचे रहस्य तेथेच आहे. बोरॅक्समध्ये सौम्य जंतुनाशक व बुरशीनाशक गुण खरोखरच आहे. त्यामुळे काही वेळा गुण येतो. काही वेळा तोंड आपोआपच आठ-दहा दिवसांत बरे होते आणि श्रेय लाहीला मिळते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की आजाराच्या बाबतीत ग्राहकाला वस्तूचा दर्जा विकत घेण्यापूर्वी पारखता येत नाही आणि पुष्कळदा घेतल्यानंतरही कळत नाही. म्हणून त्याला विश्वासावर अवलंबून राहावे लागते. आपल्याकडे तो विश्वास डॉक्टरांच्या आधी आजीवर बसलेला असतो, आणि तो बसण्यास कारणेही आहेत. आजी घरात असते, रात्री दोन वाजता असते, आणि फी मागत नाही.

डॉक्टरकडे जाण्याची किंमत केवळ फीपुरती नसते. एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज, घरी राहिलेल्या दुसऱ्या मुलाची व्यवस्था, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर भेटतीलच याची नसलेली हमी, हे सारे तिच्यात धरावे लागते. एका बाजूला ही बेरीज आणि दुसऱ्या बाजूला काही रुपयांची पुडी. ज्या बाईने पुडी निवडली, तिने हिशेब चुकविला असे म्हणता येत नाही. तिच्या हिशेबात एक रकाना कोरा होता, आणि तो भरून देण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही. स्वस्त औषधाची उरलेली किंमत ज्याला बोलता येत नाही तो चुकवितो, म्हणून ती कोणाच्याही वहीत चढत नाही.

आता या जुन्या प्रकरणाला एक नवे शेपूट फुटले आहे. सांधेदुखीवर, सूज आणि थकव्यावर पाण्यातून बोरॅक्स घ्यावा, असा उपदेश मोबाइलवरून फिरतो. २०२३ मध्ये अमेरिकेत ही लाट इतकी वाढली, की तेथील विषबाधा-सल्ला केंद्रांना लोकांना सावध करावे लागले. या उपदेशाच्या मुळाशी ऑस्ट्रेलियातील रेक्स न्यूनहॅम यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या सहभागाने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अवघ्या वीस रुग्णांची होती आणि तीत दिवसाला ६ मिलिग्रॅम बोरॉन दिले होते. चहाचा एक चमचाभर बोरॅक्स चार ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात साडेचारशे मिलिग्रॅमच्या घरात बोरॉन असते. कोठे सहा आणि कोठे साडेचारशे! प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रांनी प्रजननक्षमतेस आणि गर्भास अपाय झालेला दिसला, म्हणून युरोपीय संघाने बोरॅक्सला प्रजननास घातक पदार्थांच्या वर्गात घातले आहे. गुडघे दुखतात ते मात्र खरे असते, आणि ज्याचे दुखणे वर्षानुवर्षे हटत नाही, त्याला अशा निरोपाची भुरळ पडली तर त्याला हसू नये. बोरॉन हवेच असेल, तर ते शेंगदाणे, मनुका, खजूर आणि डाळी यांतून पुरेसे मिळते.

मग करावयाचे काय? टाकणखारावर सरसकट बंदी घालावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. सोनाराला तो लागतो, काच-कारखान्यांना लागतो. बंदीने पुडी नाहीशी होत नाही. ती बरणीतून गल्ल्याखाली जाते. परंतु सुट्या पुडीवर वस्तूचे नाव आणि ‘पोटात घेऊ नये, लहान मुलांना देऊ नये’ एवढी दोन वाक्ये मराठीत छापलेली असावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही. कागदाचा आणि शाईचा खर्च पैशांत मोजण्याइतका आहे. दुसरे, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका बाळंतिणीच्या घरी जातातच. तेथे ‘बाळाला काय चाटवता?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा, आणि तो सुनेला एकटीला नव्हे, तर आजीसमोर, आजीला मान देऊन विचारावा. दटावल्याने पुडी फडताळात मागे सरकते. समजावल्याने ती बाहेर येते. तिसरे, तोंड आलेल्या अर्भकासाठी लागणारे साधे, सुरक्षित औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात न चुकता मिळाले पाहिजे. पर्याय जवळ नसताना जुना उपाय सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे भुकेल्याला पथ्य सांगण्यासारखे आहे.

घरगुती औषधांचा आपला वारसा टाकाऊ नाही. सुंठ, हळद, ओवा यांनी पुष्कळांना उतार दिला आहे. परंतु वारशात मिळालेल्या प्रत्येक नाण्याची पारख करावी लागते, आणि ज्या पिढीच्या हाती पारखण्याची साधने आली, तिच्यावर ती जबाबदारी अधिक असते. आजीच्या पाच मुलांना काही झाले नाही, हे तिचे भाग्य होते. सहाव्या मुलाला आपण भाग्याच्या भरवशावर सोडू नये. या लेखाच्या वाचकांपैकी कोणाच्या फडताळात ती पुडी असेल, तर त्यांनी तिच्यावर आजच नाव लिहून ती सोनाराला द्यावी, आणि बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये. आजीला मात्र दोष देऊ नये. तिला जे कोणी सांगितलेच नाही, ते तिला शांतपणे सांगावे आणि नातवाला तिच्या मांडीवर ठेवावे.