फेसाचं माप

मराठीत पाणी घालणं हे कामच बदनाम. दुधात घातलं की गवळी चोर, आमटीत घातलं की सासू टोमणा मारणार. दारूच्या बाबतीत तर विचारूच नका. तिथे कौतुक 'पहिल्या धारेची' या दोन शब्दांत सामावलेलं. इतकं, की न पिणारी माणसंही एखाद्याच्या जहाल विनोदाला पहिल्या धारेचा म्हणून जातात. पण भट्टीपाशी बसून दारू गाळणाऱ्याचं खरं कसब दिसतं ते धार संपल्यावर: तिला किती सौम्य करायचं आणि नेमकं कुठे थांबायचं, हे ठरवताना.

हे मला कळलं ते पेडण्याकडच्या एका काजूच्या भट्टीवर, एप्रिलच्या उकाड्यात. गोव्यात परवाना असलेल्या अशा भट्ट्या काजूच्या हंगामात, फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत, पेटतात. (आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा सरळ गुन्हा आहे. सिंधुदुर्गातल्या बागांमध्ये बोंडं झाडाखालीच कुजत पडतात, त्याचं एक कारण हेही.) बोंडं तुडवून काढलेला रस आंबवायचा, तांब्याच्या भाणात उकळायचा आणि वाफ थंड करून लावणीत धरायची. लावणी म्हणजे पोट सुटलेलं भांडं. त्याच्यावर एक पोरगा सारखं थंड पाणी ओतत असतो. पहिल्या फेरीत निघतो तो उर्राक, सौम्य आणि फळाच्या वासाचा. तोच उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी.

भट्टीवाले काका सत्तरीचे. त्यांनी काचेच्या ग्लासात थोडी फेणी घेतली, हात वर नेला आणि दुसऱ्या ग्लासात बारीक धार सोडली. पृष्ठभागावर मण्यांसारखे बुडबुडे जमले. दारू फार कडक असेल तर बुडबुडे मोठे येतात आणि लगेच फुटतात. जोर उतरला की ते बारीक होतात, कडेला गोल धरून रेंगाळतात. फारच पाणचट झाली की मणी धरतच नाहीत. फेणी हे नावच फेणावरून, म्हणजे फेसावरून आलं असं मानतात. माप असं नावातच बसलेलं मला तरी दुसरं आठवत नाही. मेक्सिकोतल्या ओहाकाकडचे मेस्काल गाळणारेही बुडबुड्यांना मोतीच म्हणतात. वेताच्या पोकळ नळीने दारू ओढून भोपळ्याच्या वाटीत सोडायची आणि मोती किती टिकतात ते बघायचं.

काकांकडे काचेचं तरंगमापकही होतं. त्यावरच्या आकड्यांना गोव्यात 'ग्राव' म्हणतात. पोर्तुगीज गेले, त्यांचं माप राहिलं. ग्राव म्हणजे टक्के नव्हेत, हे नवख्याने आधी लक्षात ठेवायचं. बाटलीवर छापलेला ४२.८ टक्के हा आकडा तर इंग्रजांच्या मापाचा. पूर्वी तिकडे बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून काडी लावत, पेटलं तर माल अस्सल, असं सांगतात. १८१६च्या कायद्याने साइक्सचं तरंगमापक अधिकृत केलं आणि 'प्रूफ' म्हणजे ५७.१५ टक्के हे पक्कं झालं. त्याचा पाऊण भाग काढा, ४२.८ येतो. जुन्या लेबलांवरचं '७५ डिग्री प्रूफ' किंवा '२५ यू. पी.' म्हणजे हेच. इंग्रज स्वतः लंडनला टक्क्यांवर गेले, आपण मात्र त्यांचा पाऊण हिस्सा अजून सांभाळतो.

आता हिशेब. ६० टक्क्यांची एक लिटर दारू ४२.८वर आणायची आहे. ६०ला ४२.८ने भागलं की १.४०२ लिटर येतात, म्हणजे ४०२ मिलिलिटर पाणी घालायचं. शाळेतलं गणित इथे संपतं आणि चूक सुरू होते. दारू आणि पाणी एकत्र आले की आक्रसतात: ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून शंभर भरत नाहीत, ९६-९७च भरतात. म्हणून वरच्या हिशेबात पाणी ४१४ मिलिलिटरच्या आसपास लागतं. मेंडेलीव्हने १८६५चा आपला प्रबंध अल्कोहोल आणि पाण्याच्या याच मिलाफावर लिहिला. त्यावरून वोडकाची ४० टक्क्यांची मर्यादा त्यानेच ठरवली अशी आख्यायिका पसरली. खोटी आहे, पण गोड आहे.

दुसरी फसगत उकाड्याची. आजची तरंगमापकं बहुधा २० अंशांना जुळवलेली असतात. ३२ अंशांच्या दुपारी तीच दारू चार-पाच टक्के जास्त कडक दाखवते. आकड्यावर विश्वास ठेवून पाणी ओतलं की संध्याकाळी निवलेली फेणी पचपचीत. शिवाय पाणी मिसळताना मिश्रण स्वतःच तापतं. मी लगेच मापक बुडवायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "मातशें रावात, निवूं दी."

पाणी कुठलं, हा प्रश्नही आहेच. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार दारूत विरघळून राहत नाहीत, काही दिवसांनी तळाशी पांढरा गाळ बसतो. एकदम फार उतरवली तर तेलकट सुगंधी द्रव्यं बाहेर पडून दारू धुरकट होते. म्हणून थोडं थोडं, थांबत थांबत. फ्रान्समधले कोन्याक करणारे काहीजण तर नुसतं पाणी न घालता, पाण्यात पातळ केलेली तीच ब्रँडी घालतात. काकांचीही तीच रीत: जोर उतरवायचा तर उर्राक घालतात, पाण्याचं नाव काढू देत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाणी घालून विष उतरत नाही. हातभट्टीच्या बळींमागे बहुतेक वेळा मिथेनॉल असतं. त्याची घनता आणि नेहमीच्या अल्कोहोलची घनता इतकी जवळ, की तरंगमापक दोन्हींत भेद करू शकत नाही. ते फक्त तरंगतं.

मिश्रण निवायला तासभर गेला. काकांनी मापक बुडवलं, डोळे बारीक करून वाचलं आणि फडक्याला पुसून ठेवून दिलं. मग पुन्हा ग्लास उचलला, हात वर नेला, धार सोडली. मणी आले, कडेला सरकले, थांबले. काकांनी मनात काहीतरी मोजलं आणि तांब्याभर उर्राक आणखी ओतला.