जंतूच्या आधी तयार असलेलं उत्तर

माणसाच्या शरीरात प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे 20,000 आणि जंतूंना अडवणाऱ्या प्रतिपिंड नावाच्या प्रथिनांचे संभाव्य प्रकार अब्जावधी, हा हिशेब सरळ मार्गाने जुळत नाही. त्यात कार्ल लँडस्टायनर यांच्या प्रयोगांनी कोडं आणखी अवघड केलं. निसर्गात कधीच नसलेली, प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना जोडून त्यांनी प्राण्यांना टोचली, तर त्यांच्याविरुद्धही नेमके प्रतिपिंड तयार झाले! म्हणजे शिंपी माप घेतो तसा प्रतिपिंड घुसखोराच्या अंगाबरहुकूम घडत असावा, असं लायनस पाउलिंग यांनी 1940 मध्ये मांडलं. ते पटण्यासारखं होतं, पण चुकीचं ठरलं. 1957 मध्ये फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांनी उलट सांगितलं: सगळी मापं आधीच शिवून तयार असतात. प्रतिपिंड बनवणाऱ्या ज्या बी-पेशीवरचा प्रतिपिंड जंतूला बसतो, ती पेशी दुणावत जाते. बाकीच्या तशाच राहतात.

मग इतकी मापं येतात कुठून? सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये बाझेलला उंदरांच्या पेशी तपासल्या. भ्रूणात दूरदूर असलेले जनुकाचे तुकडे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत जवळ आलेले दिसले. माणसातही अस्थिमज्जेत प्रत्येक बी-पेशी असे तुकडे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून जोडते. प्रतिपिंडातल्या जड साखळीसाठी सुमारे 40, 23 आणि 6 अशा तीन गटांतून एकेक तुकडा घेतला, तरी साडेपाच हजार जोडण्या होतात. हलक्या साखळीची निवड वेगळी, आणि सांध्यावर डीएनएची जादा अक्षरं भरली जातात ती आणखी वेगळी. तोनेगावांना 1987 चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

सगळं तयारच असेल तर आपण आजारी का पडतो, हा आक्षेप रास्त आहे. एकेका मापाच्या पेशी मोजक्याच असतात. त्या वाढून पुरेसे प्रतिपिंड रक्तात यायला आठवडाभर तरी जातो, आणि जंतू तेवढा थांबत नाही. लस हाच आठवडा आधी उरकून घेते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: निवड आंधळी असेल, तर स्वतःच्याच शरीरावर बसणारे प्रतिपिंडही बनणार. बनतातच. त्या पेशी बहुतेक अस्थिमज्जेतच मारल्या जातात किंवा निवड बदलायला भाग पाडल्या जातात, पण ही चाळणी पक्की नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात प्रतिपिंड स्नायूंवरच्या, मज्जातंतूंचा संदेश झेलणाऱ्या जागाच अडवतात आणि पापण्या मिटू लागतात. कुठल्याही अनोळखी जंतूसाठी सज्ज राहायचं, तर हा धोका पूर्ण टाळता येत नाही.