रबरी होडी आणि भिंतीवरचे कॅलेंडर

मैत्रिणींनो, आपण बीडकर गोदाकाठची माणसे. समुद्राची ओळख कोकणच्या सुटीपुरतीच. ‘ह्यां’नी हौसेने मोटर बसवलेली रबरी होडी आणली, तरी नदीचा अंदाज समुद्राला लावू नका. गोदावरी एकाच दिशेने वाहते. समुद्र साधारण ६ तास चढतो, ६ तास उतरतो.

कोकणात भरतीची वेळ काढणे सोपे आहे. कॅलेंडरवरची तिथी पाहा, शुद्ध असो वा वद्य, आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला अंदाजे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. मग ओहोटी लागते. तेव्हा खाडीच्या तोंडाशी मुळीच जायचे नाही; होडी बाहेर ओढली जाते. पहाटेचा मतलई वाराही समुद्राकडेच नेतो, आणि हवेची होडी हलकी!

प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवे, पट्टे आवळून. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधा. तो पडला, की इंजिन थांबते. वल्ही आणि पंप सोबत असू द्या. उन्हात होडी टणक फुगली, तर थोडी हवा सोडा.

आणि किनाऱ्यावरचे कोळीदादा ‘आज नको’ म्हणाले, तर नकोच. हे रुसले तर रुसू देत. चहा करून द्या. होडी उद्याही आहे.