अनिवासी मालमत्ताधारक आणि ग्रामसभा : कोकणाच्या संदर्भात

७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामसभेस संविधानात स्थान मिळाले. अनुच्छेद २४३ नुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नोंद असलेल्या व्यक्तींचा समूह होय. या व्याख्येत मालमत्तेचा उल्लेख नाही. परिणामी गावात घर असणे आणि गावाच्या कारभारात मत असणे या भिन्न बाबी ठरतात.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हा भेद तीव्रतेने जाणवतो. गिरण्यांच्या काळापासून येथील असंख्य कुटुंबे मुंबईस स्थिरावली. तथापि घर, आंबा-काजूची बाग आणि सातबाऱ्यावरील सामाईक नाव गावीच राहिले. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार इमारती व जमिनी यांवर कर आकारला जातो; मालक कोठे राहतो, याला तेथे महत्त्व नाही. मुंबईतील गावकरी मंडळांनी मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी, शाळांसाठी वर्गणी जमविली. असा चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी येतो, तेव्हा त्याच्या बागेलगतच्या रस्त्याचा ठराव कधीच संमत झालेला असतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २० याबाबत स्पष्ट आहे. केवळ घर मालकीचे वा ताब्यात असल्याने कोणी तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही. तात्पुरत्या अनुपस्थितीने निवास संपत नाही, हेही तेच कलम सांगते. मात्र 'तात्पुरती' म्हणजे किती काळ, हे सांगत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या याच फटीतून गावात येतात.

मालमत्तेवर आधारित मताधिकार आपणांस अपरिचित नाही. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक १९४८ साली झाली. तत्पूर्वी कर व भाडे यांच्या अटींमुळे बहुसंख्य कष्टकरी मतदानास वंचित होते. ब्रिटनने १९६९ मध्ये स्थानिक निवडणुकांतील अनिवासी मत रद्द केले. अपवाद फक्त सिटी ऑफ लंडनचा. तेथे आजही व्यावसायिक मतदार रहिवाशांहून अधिक आहेत.

म्हणूनच चाकरमान्यास दुसरे मत देणे हा उपाय नव्हे. मे महिन्यातील पाणीटंचाई गावातील भूमिहीन मजूर सोसतो. त्याचे मत त्यामुळे दुबळे होईल. परंतु मत देणे आणि म्हणणे मांडणे यांत अंतर आहे. कर आकारणीवर हरकत घेण्याची मुभा मालकास आजही आहे. रस्ता, नळवाहिनी वा कचराभूमी यांचा मालमत्तेवर थेट परिणाम होत असेल, तर ग्रामसभेपूर्वी लेखी हरकत मागविण्यास कोणती अडचण असावी? घरपट्टीचे बिल मुंबईच्या पत्त्यावर पोहोचू शकते, तर सभेची सूचनाही पोहोचू शकेल.