फाटलेलें सिलिकोन सांधतांना

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. ज्येष्ठ सरत आला होता व मावळांत पाऊस सुरू झाला होता. अशा एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी कान्ह्यास माझ्या घरीं आला. कान्हे म्हणजे पुणें-लोणावळें लोहमार्गावरील लहानसें स्थानक; वडगांव मागें पडलें, कीं कामशेतच्या अगोदर तें येतें. माझ्या हाताखालून गेलेलीं पुष्कळ मुलें पुढें आसपासच्या कारखान्यांत कामास लागलीं. हा गृहस्थ त्यांतलाच. कांहीं वर्षांपूर्वीं प्रेसखालीं सांपडून त्याचीं उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. पुढें पुण्यास एका तंत्रज्ञाकडून त्यानें सिलिकोनचीं बोटें करवून घेतलीं. नखें, सुरकुत्या, कातडीचा सांवळा रंग, सर्व इतकें हुबेहूब, कीं शेजारीं बसलेल्या मनुष्यासहि पुष्कळ वेळ शंका येऊं नये. तेव्हांपासून खिशांत हात लपविण्याची त्याची संवय मोडली होती.

त्या दिवशीं मात्र हात पुनः खिशांत होता. मधल्या बोटाची कड मुळाशीं फाटली होती. बोट राहिलेल्या भागावर चढवितांना जेथें ओढ बसते, तेथेंच. मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. "गुरुजी, सगळें लावून पाहिलें, कांहीं धरतच नाहीं," तो म्हणाला.

त्यानें काय काय लावलें होतें तें ऐकण्यासारखें आहे. प्रथम क्षणांत चिकटणारा गोंद लावला. त्याची पांढरी खपली झाली व बोट वांकवितांच ती गळून पडली. मग पंक्चरवाल्याकडून सोल्युशन व ठिगळ आणलें. तें वाळलें आणि सबंध सोलून निघालें. शेवटीं हार्डवेअरच्या दुकानांतून खिडकीच्या कांचांना लावतात ती सिलिकोनची नळी आणली. हें थोडेंफार चिकटलें. परंतु जाडजूड गोळा झाला, आणि तें पुरतें सुकण्यापूर्वींच बोट चढविल्यामुळें खालची कातडी लाल होऊन चुरचुरूं लागली.

असें कां व्हावें? सिलिकोन हें आपल्या ओळखीचें रबर नव्हे. झाडाच्या चिकापासून होणाऱ्या रबराचा कणा कार्बनच्या अणूंचा. सिलिकोनचा कणा सिलिकॉन व ऑक्सिजन या वाळूंतल्याच दोन मूलद्रव्यांच्या आळीपाळीनें गुंफलेल्या सांखळीचा, व तिच्या दोहों अंगांस सेंद्रिय द्रव्याचे लहान लहान गुच्छ. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या पदार्थांस हें नांव दिलें. १९४३ सालीं अमेरिकेंत डाउ व कॉर्निंग या दोन कंपन्यांनीं मिळून त्यांच्या उत्पादनासाठीं नवी कंपनी काढली, आणि १९६९ सालीं चंद्रावर उमटलेलीं पावलें सिलिकोन रबराच्या तळव्यांचीं होतीं. कडाक्याची थंडी नि चुलीजवळची उष्णता हें द्रव्य सारख्याच शांतपणें सोसतें. या शांतपणाचीच दुसरी बाजू अशी, कीं त्यास कोणाचा संग आवडत नाहीं. त्याच्या पृष्ठभागावर गोंद पसरत नाहीं. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा तो अलग राहतो. म्हणून फेविकॉल, एपॉक्सी, पंक्चरचें सोल्युशन, सर्व व्यर्थ. सिलिकोनला धरतें तें बहुतेक सिलिकोनच.

पण कोणतें? खरी गोम येथेंच आहे, आणि मीहि येथेंच ठेंचाळलों.

पातळ सिलिकोन घट्ट होतें तें दुधाचें दहीं व्हावें तसें, विरजण लागतें. बाजारांत तीन तऱ्हा प्रामुख्यानें मिळतात. एक नळींतली, हवेंतील ओलाव्यानें घट्ट होणारी. हिच्या एका प्रकारास सुकतांना शिरक्याचा वास येतो, कारण तींतून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतें. दुसऱ्या प्रकारास तसा वास नसतो. दुसरी तऱ्हा दोन बाटल्यांची, कथिलाच्या विरजणाची. मुख्य द्रव्यांत शेंकडा दोन-चार भाग विरजण घालावयाचें. मूर्तींचे वगैरे सांचे करण्यास ही स्वस्त व सोयीची. परंतु ती थोडी आकसते व वर्षें लोटलीं, कीं कमजोर होते. तिसरीहि दोन भागांची, पण विरजण प्लॅटिनमचें. ही जवळजवळ आकसत नाहीं, फार टिकते, म्हणून कातडीशीं व अन्नाशीं संबंध येणाऱ्या चांगल्या वस्तु बहुधा हिच्या असतात. कृत्रिम बोटें त्यांतलींच.

प्लॅटिनमची ही जात मात्र भारी सोंवळी. गंधक, कथील, कांहीं अमाइन द्रव्यें यांचा विटाळ झाला, कीं तिचें विरजण मरतें आणि पदार्थ जन्मभर चिकट राहतो. कथिलानें झालेल्या सिलिकोनवर प्लॅटिनमचें ओतलें, तर सांध्याची जागा ओलीच राहते. उलट प्लॅटिनमच्या वस्तूवर कथिलाचें ओतलें, तर तें घट्ट होतें. पण कातडीला लावावयाच्या वस्तूंत कथिलाचें द्रव्य कोणीं घालावें?

मीं एका दुकानांतून प्लॅटिनमचें द्रव्य मागविलें. सुदैवानें बोटावर न लावतां आधीं घरांतल्या एका जुन्या मोदकाच्या सांच्यावर, तोहि सिलिकोनचा, दोन ठिकाणीं थेंब टाकले. सकाळीं दोन्ही थेंब मधासारखे चिकट! द्रव्य बनावट म्हणून मीं दुकानदारास मनांतल्या मनांत दूषणें दिलीं. मग आठवलें, कीं द्रव्य कालवितांना मीं दवाखान्यांतले साधे रबरी हातमोजे घातले होते. झाडाच्या रबरांत गंधक असतो. दुसऱ्या दिवशीं नुसत्या कांचेच्या काडीनें कालविलें, तों सहा तासांत खडखडीत. दुकानदाराची मनांतल्या मनांत क्षमाहि मागितली.

तेव्हां बोटावरचा पंक्चरच्या सोल्युशनाचा अंश किती घातक, हें ध्यानांत आलें. त्यांत गंधकयुक्त द्रव्यें असूं शकतात. तेथें प्लॅटिनमची जात घट्ट होईलच याची खात्री नव्हती. मीं पुण्याच्या त्या तंत्रज्ञास दूरध्वनि केला. त्यांनीं आपल्याकडील वैद्यकीय प्रतीचें नळींतलें सिलिकोन दिलें. नवल असें, कीं त्यासहि शिरक्याचाच वास! म्हणजे दोष वासाचा नव्हता. आम्ल पुरतें उडून गेल्यावर राहणारें द्रव्य कातडीस निरुपद्रवी आहे कीं नाहीं, हें महत्त्वाचें. खिडकीच्या वा न्हाणीघराच्या नळींत पुष्कळदां बुरशी मारणारें औषध मिसळलेलें असतें. तें कातडीस नको आणि ताटांतहि नको.

त्यांनीं मऊपणाचाहि विचार करावयास सांगितला. सिलिकोनचा मऊ-कठीणपणा शोअर नांवाच्या मापानें मोजतात; आंकडा जितका लहान तितकें मऊ. मऊ वस्तूवर कठीण ठिगळ घातलें, तर सांधा सुटत नाहीं, सांध्याच्या कडेशीं वस्तूच फाटते. आमच्या आया-आज्या विटलेल्या लुगड्यास करकरीत मांजरपाटाचें ठिगळ लावीत नसत, तें याचसाठीं. फार मऊ वस्तूंत आणखी एक अडचण असते. त्या मऊ व्हाव्या म्हणून आंत सिलिकोनचें तेल घातलेलें असतें. तें हळूहळू पाझरतें व सांधा धरूं देत नाहीं.

पुढचें काम सोपें होतें. जुने सर्व थर नखानें व बोथट सुरीनें काढले. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें तीनदां पुसली; रॉकेल-पेट्रोल वापरलें नाहीं, कारण त्यानें सिलिकोन फुगतें. चिरेच्या टोंकास बारीक गोल भोंक पाडलें, म्हणजे चीर पुढें धांवत नाहीं. आंतल्या बाजूस नायलॉनच्या मोज्याचा पातळ तुकडा ठेवून त्यावर द्रव्याचा कागदाइतका थर दिला. नळींतलें सिलिकोन बाहेरून आंत घट्ट होत जातें, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून जाड थर म्हणजे आंत कच्चा राहिलेला गुलगुला. पावसाळी हवेंत वरची साय लौकर धरते, त्यामुळें हात चपळ हवा. मग तीन दिवस बोटास कोणीं हात लावावयाचा नाहीं, असें त्यास बजावलें.

आपल्या घरच्या वस्तूंसंबंधीं दोन शब्द. वस्तु सिलिकोनचीच आहे ना, हें आधीं पाहावें. सिलिकोन म्हणून विकलेलें पुष्कळ सामान निराळ्याच प्लास्टिकचें असतें. नखाएवढी कातरण चिमट्यांत धरून उघड्या हवेंत पेटवावी. सिलिकोनची पांढरी राख होते. इतर द्रव्यें बहुधा वितळून ठिबकतात व काळा धूर सोडतात. जात कळत नसेल, तर नळींतलें सिलिकोन त्यांतल्या त्यांत निर्धोक, कारण तें घट्ट झालेल्या कोणत्याहि सिलिकोनला बरेंचसें धरतें. मात्र अन्नासाठीं योग्य असें नळीवर छापलेलें असल्याखेरीज मोदकाच्या सांच्याला तें लावूं नये. आड जागीं थेंब टाकून एक दिवस थांबावें. आणि कुकरची रिंग व तान्ह्या मुलाचें दुधाचें बोंडूक कधींहि सांधूं नये. तीं फाटलीं, कीं टाकावीं आणि नवीं आणावीं. या बाबतींत मी काटकसरीचा शत्रु आहें.

साखरपुड्यास मी गेलों होतों. तो पाहुण्यांना उजव्या हातानें पेढे वांटीत होता. तो सांधा चौदा महिने टिकला. मग ठिगळाच्या पलीकडे, नव्याच जागीं चीर गेली. तंत्रज्ञ म्हणाले, आतां द्रव्यच थकलें आहे, नवें बोट करावें. तें केलें. जुनें त्यानें मला दिलें, आणि विरजणाचे प्रयोग मी हल्लीं त्याच्यावर करतों.